तुमाले शेतात नेलं तो दिवस

आक्का,

तुमचं तेरावं झालं. लोक जेऊन गेले. पोरानं बुंदी केली होती, ती उरली. तुमाले बुंदी आवडत नव्हती, पन मेल्यावर कोन इचारते.

मी बोलून राह्यले अन् माही नात रेणुका लिहून राह्यली. मले फकत सही येते, ती बी तुमीच शिकवली. गंगूबाईतला ग काढाले मले सहा महिने लागले. तुमी म्हनत, "हा ग होय का अंड्यावर बसलेली कोंबडी?"

तुमी जाच्या अकरा दिवस आंधी मी तुमाले एक गोष्ट सांगतली. साठ वर्सं पोटात होती. त्यावर आपलं भांडन झालं अन् ते अर्धं राह्यलं. आता तुमी बोलू शकत नाही, म्हनून मी बोलते. तुमी जित्या असता त बोलू देल्लं नसतं.

तुमचा नवरा लढाईतून जिता आला होता. आपल्या दारात आला होता. अन् मी तुमाले त्याच्याशी भेटू देल्लं नाही.

रेणुकाचा हात थांबला. "आजी, हे खरं काय?" इचारून राह्यली. लिही बाई. ल्याहाले बसली त लिही.

हिले त्या घराचं कायी माईत नाही, म्हनून थोडं सांगते. तुमाले ठावं हाय, तुमी कंटाळू नका. आपल्या सासऱ्याची, मामंजीची, आदिलाबादेत जिन होती, कापसातली सरकी काढाची. निजामाचं राज होतं, त्याच्यावर गोऱ्याचं. गोरे साहेब रुई घ्याले बंगल्यावर येत. बंगल्याले विलायती फरशी, जेवाले टेबल, चिनी मातीच्या बशा. दुसरी मोठी लढाई लागली तवा रुईले जोर आला. जखमेवर लावाले रुई, पट्ट्याले रुई. जितके लोक तिकडं मरत तितकी इकडं आपली रुई खपे. सासूबाई दिवा लावून म्हनत, लढाई अजून दोन वर्सं चालू दे देवा. देवानं आयकलं.

एक दिवस तालुकदार, म्हंजे निजामाचा कलेक्टर, अन् गोरा साहेब जेवाले आले. तालुकदार हात धुता धुता म्हनाला, "आप के दो लडके हैं. एक सरकार को दीजिए." धाकटा म्हंजे आमचे हे. ते लहानपनीच तापात पायानं अधू झाले. मंग राह्यले मोठे भाऊजी, तुमचे मालक. मामंजीनं दिवस बी मांगतला नाही. त्याच्या बदल्यात दरबारात बसाले कुर्सी भेटली. बंगल्यात तो फोटो होता, मामंजी कुर्सीवर बसले हायत अन् मांगं भाऊजी फौजेच्या कपड्यात उभे. तुमी फोटोची धूळ पुसता पुसता म्हनत, "पाह्य गंगू, बाप कुर्सीवर बसला अन् कुर्सीचा पाय मांगं उभा हाय."

तुमी पंध्राच्या होत्या. लगनाले चौदा महिने झाले होते. जहाजावरून दोन कागद आले, मंग कायीच नाही. लढाई सरली. दुसऱ्याचे लोक आले, कोनाचा हात गेलेला, कोनी येडा झालेला. आपल्याकडं मेल्याचा कागद आला नाही अन् जित्याचा बी आला नाही.

मी त्या घरात आली नव्हती तवाचं हे सारं तुमीच मले सांगतलं. सासूबाईनं तुमाले बारा वर्सं हिरव्यात ठेवलं. हळदी-कुंकवाले पयला मान तुमाले. "तू कुंकू लावतं तवर माहा पोरगा जिता हाय," म्हनत. कुंकू जरा वाकडं झालं की गालावर चापट. "तिकडं त्याले गोळी लागन ना वो रांडे." तुमी आरशासमोर बसाले भेत होत्या. आंग दुखो का ताप येवो, न्हाऊन कुंकू लावून बाहेर याव लागे. लोक म्हनत, काय सासू हाय, सुनेले देवीवानी ठेवते.

मंग माह्यं लगन जमलं. माह्या बापाचा गुडीहत्नूरले भाजीपाल्याचा मळा होता, वांगे, भेंड्या. जातीनं एक, बाकी कायीच एक नाही. लंगड्या पोराले मोठ्या घरची पोरगी कोनी देईना, म्हनून मी. मले कोनी इचारलं नाही. तवा भटजीनं सांगतलं, घरातला मोठा पोरगा बारा वर्सं बेपत्ता हाय, त्याचं कायी केल्याबिगर या घरात लगन लागत नाही. आंधी त्याचा पळसाचा पुतळा करून जाळा.

सासूबाईनं तुमाले हे सांगतलं नाही. म्हनल्या, लगनाले पत्रावळी लागतात, बाया घेऊन पळसाचे पानं तोडून आना. तुमी गेल्या. चार दिवस पानं तोडले. सासूबाई म्हनल्या, देठं फेकू नको, मोजून तीनशे साठ बांधून ठेव. तुमी इचारलं, "देठं कायले आत्याबाई?"

"बंबात जाळाले."

तुमी गानं म्हनत म्हनत देठं बांधले. दिराचं लगन होतं, घरात बारा वर्सानं हसू येनार होतं. पाचव्या दिवशी सकाळी अंगनात पाह्यलं त त्याच देठाचे हात, त्याच देठाचे पाय, अन् डोस्क्याच्या जागी नारळ. त्याले भाऊजीचं धोतर नेसवलं होतं. तुमी मोजून देल्लेले हाडं. मंग बायांनी तुमाले धरलं अन् बांगड्या फोडल्या.

अठरा दिवसानं त्या अंगनात माही हळद लागली.

तवापासून तुमाले पांढरं अन् सरकीच्या गोदामामांगची खोली. मी माप ओलांडून आत आली तवा तुमी खिडकीच्या मांगं उभ्या होत्या. बाकीच्या बाया हसून राह्यल्या होत्या. तुमी हळूच म्हनल्या, पन मले आयकू आलं: "एकीचं पुसल्याबिगर दुसरीचं लागत नाही या घरात."

तुमी मले सुखानं राहू देल्लं नाही आक्का. मेलेल्या मानसाचं साजरं बोलाव म्हनतात, मी नाही बोलत. माह्या भाजीत मूठभर मीठ टाकून सासूबाईच्या हातून मले मार खाऊ घातला. तापलेला झारा माह्या मनगटाले लावला, तो डाग अजून हाय. मले पयली पोरगी झाली तवा दारात येऊन पाह्यलं अन् म्हनल्या, "आली आनखी एक पांढरं नेसनारी." ती पोरगी दीड वर्सात गेली. तुमच्या बोलन्यानं गेली असं मी म्हनत नाही. गोवरानं गेली. पन ते बोलनं मी इसरली नाही.

अन् मले वाचवनाऱ्या बी तुमीच. आमच्या यायनं एकदा दारू पिऊन मले पोटुशी असताना काठीनं हानलं. सासूबाई तिथीच बसून वाती वळत होत्या. तुमी उखळातलं मुसळ घेऊन मधात उभ्या राह्यल्या. म्हनल्या, "भाऊजी, एक पाय देवानं मोडला. दुसरा मी मोडीन." त्याच्यानंतर यायनं हात उचलला नाही. तुमी मुसळ ठेवलं अन् मले म्हनल्या, "माह्याकडं पाहू नको. तुह्यासाठी नाही केलं. मले आवाज सहन होत नाही."

आता त्या दिवसाचं.

थंडीचे दिवस होते, शेतात जवारी हुरड्याले आली होती. मामंजी जाऊन तीन वर्सं झाले होते. सकाळी मी व्हरांडा झाडून राह्यली होती. एक मानूस फाटक उघडून आत आला. वाळलेला, उन्हानं काळा पडलेला, हातात पत्र्याची पेटी. मले म्हनला, "आई हाय काय?" त्याचं मराठी कसं तरी होतं, लय वर्सं न बोललेल्यासारखं. मी तोंडाकडं पाह्यलं अन् झाडू तसाच राह्यला हातात. आमच्या यायचेच कान होते ते.

सासूबाई बाहेर आल्या. "कोन होय?"

"आई, मी."

सासूबाईनं चौकट धरली. "उजवा हात दाखव."

त्यानं बाही वर केली. लहानपनी भाजल्याची खून होती. सासूबाईनं ती बोटानं चोळून पाह्यली. मंग हात सोडला अन् म्हनल्या, "तिथीच बस. आत पाय ठेवू नको."

मले आत ओढत नेलं. तुमी मांगच्या अंगनात धुनं धुवून राह्यल्या होत्या, साबनाचा आवाज येत होता. सासूबाई म्हनल्या, "मोठीले घेऊन मावला गावच्या आपल्या शेतात जाय. हुरडा खाऊ घाल. दिवस बुडेपर्यंत येऊ नको."

मी म्हनली, "आत्याबाई, ते मोठे भाऊजी हायत."

"कोनी नाही तो. त्याले आपन जाळलं. जाळलेला मानूस घरात घ्याचा त त्याले पुन्हा जन्माले घालाव लागते. पुन्हा नाव, पुन्हा लगन. मंग जिन कोनाची, बंगला कोनाचा? तुह्या लंगड्याले कोन पुसन? अन् तिकडं त्याची बायको हाय. तीन लेकरं हायत. तो राहाले नाही आला, तोंड दाखवाले आला."

बायको अन् लेकरं खरे होते का सासूबाईनं तिथल्या तिथी रचले, मले त्या दिवशी समजलं नाही अन् आजवर समजलं नाही. तो पाच मिंटात त्यायले एवढं बोलला कवा?

मी तुमाले नेलं. लय वर्सं मी सोताले सांगत राह्यली, मले सासूचं भेव होतं म्हनून नेलं. भेव होतंच. पन खरं सांगते आक्का, मांगच्या अंगनात तुमच्याकडं येता येता माह्या मनात माही मेलेली पोरगी आली. आनखी एक पांढरं नेसनारी. मले वाटलं, नाही भेटत त नाही भेटो. तसं म्हनूनच मी हसत आली अन् म्हनली, "चला आक्का, हुरडा खाले."

तुमी कपड्याचा पिळा तसाच टाकला. "सासू सोडन काय?"

"त्यायनंच सांगतलं."

"आज मरते काय म्हातारी?"

मांगच्या दारानं गेलो आपन. तुमी त्या दिवशी वेगळ्याच होत्या. रस्त्यानं मले हाताले धरलं. शेतात गोवऱ्या पेटवल्या, कनसं भाजले, तुमी तळहातावर चोळून पयली मूठ मले देल्ली. मंग तुमी बोलत बसल्या. भाऊजी झोपीत घोरत त जिनचा भोंगा वाजल्यावानी. त्यायनं तुमाले जिनच्या आवारात सायकल शिकवली, तुमी रुईच्या गंजीत जाऊन पडल्या, अन् नाकातोंडात रुई गेलेल्या तुमाले पाहून ते खाली बसून हासले. साहेबानं देल्लेला बिस्किटाचा डबा त्यायनं चोरून आनला अन् दोघांनी पलंगाखाली बसून खाल्ला. देठाची गोष्ट बी तुमी मले तिथीच सांगतली. तुमी हासत हासत रडल्या अन् म्हनल्या, "तुह्यावर राग नाही गंगू. राग कोनावर त काढाव लागते."

मंग तुमी जवारीकडं पाहात म्हनल्या, "आता समोर आला त वळखीन काय मी त्याले?"

दिवस अजून वर होता. धावत गेलो असतो त अर्ध्या तासात बंगला होता. माही जीभ उचलली बी होती.

मी म्हनली, "चटनी घ्या."

आपन आलो तवा व्हरांडा शेनानं सारवलेला होता, वर गोमूत्र शिंपडलेलं. मयत उचलल्यावर करतात तसं. तुमी थांबल्या. "आत्याबाई, कोन मेलं?"

"कोनी नाही. कुत्रं शिरलं होतं."

दुसऱ्या दिवसापासून तुमी माह्याशी साजरं वागाले लागल्या. तेच मले सहन झालं नाही. तुमी पुन्हा झारा लावला असता त बरं वाटलं असतं. माह्या पोरांले न्हाऊ घातलं, मले सही शिकवली. सासूबाई गेल्या, हे गेले, जिन गेली, बंगल्याच्या जागी आता फंक्शन हॉल हाय. आपन दोघी इथी मावल्याले दोन खोल्यात आलो. माह्या पोरानं तुमाले मायवानी ठेवलं. मी रोज म्हनो, आज सांगीन. रोज तुमी कायी तरी चांगलं करून ठेवत.

तो पेन्शनचा दिवस आठवते काय? विधवा बायांचं पेन्शन होतं, पोरानं आपल्याले ऑफिसात नेलं. तिथला बाबू तेलगू, आपल्याशी हिंदी बोलला.

"अम्मा, डेथ सर्टिफिकेट?"

"नाही बाबा."

"बॉडी मिली थी?"

"पुतळा जाळला," तुमी म्हनल्या. "नारळाचं डोस्कं होतं." पोरानं हिंदीत करून सांगतलं. बाबूनं बाजूच्या बाबूले बलावलं, दोघं हासले. "अम्मा, नारियल का सर्टिफिकेट नहीं बनता." मंग माह्याकडं पाह्यलं. "आप को मालूम है, वो मर गए?"

मी म्हनली, "हां. मर गए."

काम झालं नाही. बाहेर येऊन तुमी पायरीवर बसल्या. "मंग मी कोन होय गंगू? बायको नाही अन् विधवा बी नाही." मी चप्पल शोधून राह्यली. तुमी म्हनल्या, "तू त लय खातरीनं बोलली."

"बारा वर्सं झाले म्हंजे मेलेच ना."

"हो," तुमी म्हनल्या. लय येळ माह्या तोंडाकडं पाहात राह्यल्या. तुमाले तवा कायी समजलं काय? इचाराची माही हिंमत झाली नाही.

मंग हे शेवटचं. तुमी खाटल्यावर पडल्या, आंगावर मास राह्यलं नाही. मी तुमाले पेज भरवून राह्यली होती. तुमी मले म्हनल्या, "तू नसती त मले कुत्र्यानं खाल्लं असतं." कुत्र्याचं नाव काढलं अन् माह्या हातातला चमचा खाली ठेवल्या गेला. मी सारं सांगतलं. कान, भाजल्याची खून, पत्र्याची पेटी, हुरडा, सारं.

तुमी वरच्या पंख्याकडं पाहात होत्या. मले वाटलं, समजलं नाही. मंग इचारलं, "पायी आला होता काय?"

"हो."

"जेवला?"

"माईत नाही आक्का."

मी म्हनली, भेटून बी काय झालं असतं, तिकडं त्याची दुसरी बायको होती, लेकरं होते. तवा तुमी मान फिरवली. "थुकली असती ना मी. तोंडावर थुकली असती. तेवढं त माह्यं होतं. ते बी तुमी सासू-सुनांनी खाल्लं."

मी पाय धरले. तुमी पाय ओढून घेतले. कुठून जोर आला तुमाले काय माईत.

"हलकं वाटलं काय तुले?"

मी पेजेची वाटी बाजूले सरकवली.

"वाटलं असन. म्हनूनच सांगतलं. मराच्या टायमाले माह्यावर टाकून मोकळी होतं काय?" मंग तुमी डोळे मिटले. "मी कायी आयकलं नाही. तुह्यं तू ठेव."

अकरा दिवस माह्या हातचं पानी घेतलं नाही. ही रेणुका पाजे तवा तोंड उघडत. मी पेला घेऊन आली की दात मिटत. हिले वाटे, म्हातारपनाचा हट्ट हाय. पोरगं मले समजावे, माय, मोठी मायच्या डोस्क्यात आता कायी राह्यलं नाही. मी पाहात होती किती राह्यलं ते.

तुमी गेल्या त्या सकाळी मी पेटीतून हिरवं लुगडं काढलं. जिचा नवरा मेल्याचं कोनी पाह्यलं नाही, तिले पांढऱ्यात काऊन न्याव? पन बाया जमल्या होत्या, साऱ्या माह्या हाताकडं पाहात होत्या. एकीनं इचारलं, "हे कायले काढलं आजी?" मी म्हनली, खाली अंथराले. तुमाले पांढऱ्यातच नेलं.

मंग मी ठरवलं, दहाव्याले सांगीन. साऱ्यासमोर, पोरासमोर, पिंडासमोर. नदीवर गेलो. पोरानं पिंड ठेवला. मले माईत होतं, तुमचा कावळा शिवनार नाही. लोक चार चार तास बसतात, एकेकजन हात जोडून कबूल करते, याचं लगन करू, त्याले सांभाळू. मी म्हनली, सारे थकतीन, तवा मी उठीन. तवा तुमाले आयकाव लागन.

पोरगं बाजूले होत नाही त कावळा आला. एका झडपेत घास घेतला अन् गेला. बाया म्हनल्या, "म्हातारी सुटली. कायीच इच्छा नव्हती राह्यली." भटजी सामान उचलाले लागले. मी उठून उभी राह्यली होती, हात जोडलेले. पोरगं माह्याजवळ येऊन म्हनलं, "चाल माय, झालं. आता कायी बोलाचं काम नाही."